साडेचार दिवसांचा केर

बायकोच्या पाया पडावं की कपाळाला हात लावावा, हेच रामरावांना कळेना. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा सोनाळ्यातला जुना रिवाज. माणूस खामगावला गेलं तर सांजेपर्यंतची गोष्ट. पण त्यांचा थोरला इंद्रभान होता फौजेत, विमानं दुरुस्त करायला. त्याचं पत्र आलं, गुरुवारी पहाटे लंकेहून विमानानं सिंगापूरला निघतो. आणि शनिवारी कोकिळेला बघायला खामगावचे पाहुणे यायचे होते. आधीच पोरीची दोन ठिकाणं हातची गेलेली.

रामराव पत्र घेऊन शालिग्राम मास्तरांकडे गेले. मास्तरांनी नकाशावर दोरा धरला.

"दोन्ही बेटं. मधात पाणीच पाणी, सतराशे मैल. आता जलंब ते खामगाव आठ मैल, गाडीले लागते अर्धा घंटा. म्हणजे साडेचार दिवस."

"पण मास्तर, विमान गाडीपेक्षा जोरात जात असन ना?"

"असन. पण वर चढाव लागते, रामराव."

झालं. बायकोनं, मनकर्णाबाईंनी, सोमवारची सांज ठरवली, आणि झाडायचा फडा कोठीत कोंडून किल्ली कमरेला खोचली.

घरात वेचणीचा कापूस पडलेला, त्यातच बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडलेल्या. शुक्रवारपर्यंत टरफलं घोट्याला लागायला लागली.

"अवं, घर पाहूनच वापस जातीन ते," रामराव काकुळतीला आले.

"जाऊ द्या. पोरगं अजून पाण्यावर हाये. कोकिळेले मी सांगतलं. ते म्हणते, भाऊ पोचू दे आधी."

रामरावांचे डोळे भरले. मायलेकी एका मापाच्या. त्यांनी गावभरच्या सतरंज्या आणून केरावर अंथरल्या.

शनिवारी बैलांच्या दमणीतून मंडळी उतरली. मुलाची आई मंजुळाबाई सतरंजीवर टेकल्या, आणि खालून टरफलं कडाकडा वाजली. त्यांनी हळूच कोपरा उचलून पाहिलं. रामरावांनी मान खाली घातली.

"घर झाडत नाई का तुमी?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"पोरगा लंकेहून निघाला हाये," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "सोमवारी पोचन. तवा झाडीन."

मंजुळाबाईंनी उचललेला कोपरा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माहा लहाना बसऱ्याहून बोटीनं निघाला. सोळा रोज झाले, आमच्या घरी फडा लागला नाई. म्हटलं, पोरगी पाहाच्या निमित्तानं झाडलेल्या घरात बसून येऊ." त्या जरा सरकून बसल्या. टरफलं पुन्हा वाजली. "जाऊ द्या इहीनबाई, चहा मांडा."

पंधरा दिवसांनी इंद्रभानचं पत्र आलं. रामरावांनी ते दोनदा वाचलं.

"अवं, गुरुवारच्या सांजेलेच पोचला तो. अकरा घंटे लागले. चार दिवस उगाच केरात राह्यलो आपण."

"साडेचार दिवसाचा रस्ता अकरा घंट्यात झाला," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तो उगाच झाला का?"

मास्तरांचा हिशेब कुठे चुकला ते रामरावांना कळलं होतं. बायकोचा मात्र कुठेच चुकलेला सापडेना.