गंगीच्या पाठीवरचा भोवरा

"यंदा पहिला नंबर आपल्या गंगीचा. कुठंबी लिहून ठेवा," असं बाबाराव बोरी अरबच्या बाजारात चार माणसांत ठणकावून आले आणि घरी मात्र कुणाला काहीच बोलले नाहीत.

गंगी म्हणजे त्यांची गवळाऊ जातीची कालवड. दुधासारखी पांढरी, कानाची तरतरीत. दरवर्षी पशुप्रदर्शनात तांड्यावरचा खेमसिंग पहिला यायचा आणि बाबाराव टाळ्या वाजवून परत यायचे. यंदा त्यांनी मोबाईलवर परदेशातल्या प्रदर्शनातल्या गाई पाहिल्या होत्या. त्यांचे केस रोज धुऊन, उलटे विंचरून, गार वाऱ्यावर सुकवून असे उभे राहायला शिकवलेले, की गाय दिसायची कापसाच्या गंजीसारखी. पोरांना लावतात तसं केसांनाही वळण लावावं लागतं, हे बाबारावांना एकदम पटलं. पण खेमसिंगला कळलं तर तोही तेच करेल, म्हणून सगळं गुपचूप.

ते खास यवतमाळला जाऊन ब्रश आणि गुलाबाच्या वासाचा शाम्पू घेऊन आले. रोज पहाटे गुरांच्या कोठ्यात शिरायचं, गंगीला न्हाऊ घालायचं, सून समीक्षाच्या ड्रायरनं सुकवायचं आणि केस खालून वर विंचरायचे. केस उभे राहत, आणि ब्रश उचलला की गुरुजींची पाठ वळल्यावर खाली बसणाऱ्या पोरांसारखे मटकन बसत.

विमलताईंच्या ध्यानात वेगळंच येत होतं. ज्या नवऱ्यानं लग्नातसुद्धा डोक्याला तेलापलीकडे काही लावलं नव्हतं, तो आता सकाळी घरात शिरताना घमघमत होता.

"काहून हो, इतक्या पहाटे कुठं गेलते?"

"कोठ्यात."

"कोठ्यात गुलाब फुलले काय?"

"हवाच तशी सुटली हाय," बाबाराव म्हणाले आणि त्यांनी बशीत तोंड घातलं.

विमलताई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की भाजीत मीठ पडत नसे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाबारावांनी शेवटचा उपाय केला. जवस उकळून त्याचा चिकट लेप बनवला, गंगीच्या पाठीवर थापला आणि केस उभे करून ठेवले. सकाळपर्यंत वाळून कडक होतील असा हिशेब. शेजारच्या दावणीला गंगीची माय बांधलेली होती, तिचा हिशेब राहून गेला. तिला जवस फार आवडला. सकाळी बाबाराव पाहतात तर मायनं लेकीची पाठ चाटून काढलेली, आणि मधोमध ताटलीएवढा गरगरीत भोवरा. वाळून पापडासारखा. त्यावर ब्रश फिरवला तर ब्रशचेच दात पडले. आणि दारात पिकअप हॉर्न वाजवत होती.

मैदानावर पोचताच माईकवर आवाज आला, केसांना काहीही लावलेलं जनावर बाद होईल. तरी बाबाराव गंगीला घेऊन रांगेत उभे राहिले. खेमसिंगची कालवड सोडून लोक इकडे गोळा व्हायला लागले, तेव्हा तर त्यांची छाती थोडी फुगलीसुद्धा. मग गर्दीतून म्हातारा उकंडा पुढे आला. जनावराच्या अंगावरचे भोवरे पाहून घराचं बरंवाईट सांगण्यात त्याचा शब्द मोठा. त्यानं चष्मा पुसला आणि भोवऱ्यावर बोट फिरवलं.

"बाबाराव, असा भोवरा म्या उभ्या जन्मात पाह्यला नाई."

"चांगला का वाईट?"

"ज्याच्या दावणीले असं जनावर," उकंडा गर्दीकडे वळून म्हणाला, "त्याच्या घरात दुसरी बायको येते."

गर्दी हसली. मागे समीक्षासोबत उभ्या असलेल्या विमलताई हसल्या नाहीत. पहाटेचं गायब होणं, यवतमाळची फेरी, गुलाब, सगळं त्यांच्या मनात एका दोऱ्यात ओवलं गेलं.

"समीक्षा, चाल, आपून घरी जाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याले सोबत हाय."

"अवं थांब, तसं काई नाई."

"मंग गुलाब कोनासाठी?"

परीक्षक डॉक्टर शेजारच्या जनावरापाशी येऊन ठेपले होते. बाबारावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदा बायकोकडे. बायको फाटकाच्या दिशेनं चालली होती.

"गंगीसाठी," ते ओरडले. "शाम्पू गंगीले लावून राह्यलो होतो. भोवरा खोटा हाय, जवसाचा हाय."

विमलताई परत आल्या. सगळ्यांदेखत त्यांनी गंगीच्या मानेला नाक लावून हुंगलं, मग नवऱ्याच्या खांद्याला. त्यांचा चेहरा निवळला, आणि लगेच दुसऱ्या कारणानं तापला.

"माह्या डोक्याले साधी शिकेकाई, अन् हिले गुलाब?"

डॉक्टरांनी गंगीला तिथल्या तिथे बाद केलं. खेमसिंग पहिला आला. बाबारावांनी टाळ्या वाजवल्या, घरी येऊन कोमट पाण्यानं भोवरा धुतला, आणि त्यांच्या मते प्रकरण संपलं.

पण बातमीला पाय फुटले, आणि 'खोटा' हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला. आठवड्याभरानं राळेगावकडचे मारोतराव नावाचे अनोळखी शेतकरी आपली गाय टेम्पोत घालून दारात हजर झाले. पक्कं घर, ट्रॅक्टर, काळी कसदार जमीन आणि चौतिशी गाठलेला मुलगा. शेती करतो म्हणून त्याला कुणी मुलगी देत नव्हतं.

"भोवऱ्याची गाय तुमचीच ना?"

बाबारावांनी हात जोडून सगळं सांगितलं. भोवरा खरा नव्हता, जवसाचा लेप होता, मायनं चाटला म्हणून गोल झाला. मारोतरावांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जवसाचा का असंना," ते म्हणाले, "आमच्या गाईलेबी लावून द्या. दोन नाई पायजेत भाऊ, एक आली तरी लय झालं."