कस्तुरीची निगेटिव्ह सासरी जाते

बाळांनो, एका जंगलात सगळी अस्वलं काळी होती. तरी लग्नाला प्रत्येकाला गोरी अस्वलीण हवी असे. ती येणार कुठून, हे कुणी कुणाला विचारत नसे.

तिथल्या कस्तुरी नावाच्या अस्वलिणीचा फोटो जिथे जाई तिथून परत येई. तिची आई सगुणा मेटाकुटीला आली होती. कस्तुरीचं म्हणणं एवढंच होतं, की पसंत करायचं तर मला बघून करा.

तेवढ्यात एक करकोचा दूरदेशी शिकून परतला. उन्हात फोटो छापायची जुनी कला त्याने आणली होती. आधी फोटो संगणकावर उलटा करायचा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मग तो प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर छापायचा. ही झाली निगेटिव्ह. ती रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायची आणि कागद ओढ्यात धुवायचा, की निळं, खरंखुरं चित्र उमटतं. या कलेने जंगल सुधारेल, अशी करकोच्याची खात्री होती.

त्याने कस्तुरीची निगेटिव्ह छापून सगुणेला दाखवली. सगुणेने ती आभाळाकडे धरली. लेक दुधासारखी पांढरी दिसत होती.

"हीच दे," ती म्हणाली. "पुढचं ऊनपाणी काही नको."

निगेटिव्ह म्हणजे चित्र नव्हे, चित्राकडे जायची वाट आहे, असं करकोचा कळवळून सांगत राहिला.

"बाबा, तू खूप शिकलास," सगुणा म्हणाली, "पण तू स्थळं बघितली नाहीस."

"आई, यात माझे दात काळे आहेत," कस्तुरी म्हणाली.

"मग तोंड मिटून दुसरी काढू."

दुसरी काढली. ती पाठवण्याआधी कस्तुरीने गुपचूप तिच्यावरून एक निळं चित्र छापून घेतलं. पलीकडच्या डोंगरावरच्या स्थळाने निगेटिव्ह बघताक्षणी पसंती कळवली. मुलगी गोरी होती, शिवाय तोंड मिटून होती.

ठरल्या दिवशी वरपक्ष आला. कस्तुरीने ते निळं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"ही मी. तुमच्या हातात आहे त्याच फिल्मवरून छापलंय. आता सांगा."

नवऱ्यामुलाच्या आईने तिन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. नाक जुळलं, कान जुळले.

"चित्र हुबेहूब आहे," ती म्हणाली. "मुलगीही हुबेहूब आहे. पण आम्ही पसंत केली ती ही." आणि तिने फिल्मवर नख टेकवलं.

वडीलधाऱ्यांनी विचार केला. आमंत्रणं गेली होती. लग्न फिल्मशी लावायचं ठरलं.

फिल्म सारखी वाकत होती म्हणून कस्तुरी करवली झाली आणि तिने ती ताठ धरली. अंतरपाट दूर झाला. नवरी पारदर्शक असल्याने नवरदेवाला तिच्यातून पलीकडचे मामा दिसत होते. कुणी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

पाठवणीला सगुणा फिल्मला उराशी धरून रडली. "जपा हो," ती विहिणीला म्हणाली, "उन्हात नेऊ नका." हे ऐकून करकोचाही रडला. इतकी नेमकी निगेटिव्ह त्याला पूर्वी जमली नव्हती.

कस्तुरीने घरी येऊन आपलं निळं चित्र भिंतीला लावलं. ही कोण, असं पाहुणे विचारतात. सगुणा सांगते, "धाकटी. थोरली चांगल्या घरी पडली."

तात्पर्य : खोटं रूप फार काळ टिकत नाही, असं तुम्हाला शाळेत सांगतील. टिकतं, बाळांनो. त्याला वेळेवर सासरी धाडावं आणि आपण माहेरी बसून मध खावा.