माडाचं गाऱ्हाणं

कौलं फोडून नारळ पाळण्याशेजारी आदळला, तेव्हा बाळ पाळण्यात नव्हतं. सावित्रीच्या मांडीवर दूध पीत होतं. पण पाळणा आणि नारळ यांमधलं ते हातभर अंतर काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आई, हा माड पाडायचा," तिनं सासूबाईंना सांगितलं.

"अगो, माडाला डोळे असतात," गोदाबाई म्हणाल्या. "माणसाच्या टाळक्यात नारळ घालायचा नाय तो."

"डोळे नारळाला असतात. आणि तेही शेंडीखाली झाकलेले!"

नवरा मुंबईला कचेरीत, त्यामुळे वाद घालायला घरात तिसरं कुणी नव्हतं. सावित्री कामाला लागली. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली बाई. बाळाचं पाणी ती ज्या निगुतीनं उकळून गाळून घेई, त्याच निगुतीनं तिनं माड पाडायचं ठरवलं. काठीच्या सावलीवरून माडाची उंची काढली. माड झुकलेला घराकडे. त्याच्या डाव्या अंगाला मोकळं खळं, पाठीमागे पऱ्याचा ओढा, आणि पऱ्यापलीकडे शेजारीण मरियमबीचं घर. माड खळ्यात पाडायचा, हे नक्की झालं.

नारळ काढणारा लवू आला. त्यानं वर चढून नारळ उतरवले, झावळ्या तोडल्या, शेंड्याला दोर बांधले. एक दोर खळ्यात होडीवाला रावजी आणि त्याच्या गड्यांच्या हाती दिला.

"आणि हात सुटले तर?" सावित्रीनं विचारलं.

"आमचे हात?" रावजी हसला. "वैनीबाय, भरल्या होड्या वडतो आमी ह्या हातांनी!"

तरी तिनं दुसरा दोर पऱ्यापलीकडच्या मरियमबीच्या फणसाला बांधवला आणि दांडकं घालून पिळून पिळून ताणून घेतला. माड घरावर तरी यायला नको. "फणस हात सोडणार नाही," ती म्हणाली.

बाळाला मरियमबीनं नेलं. "माझ्या पडवीत बसंल माझा राजा. माड काय हितवर येतोय?"

"नाही येणार. मोजलंय मी."

"आणि गाऱ्हाणं?" जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदाराला, गाऱ्हाणं घालायचा नारळ हातात धरून गोदाबाई उभ्या होत्या.

"वारा सुटायच्या आत माड खाली यायला हवा, आई. गाऱ्हाणं मागनं घालू."

गोदाबाई नारळ मांडीत घेऊन पायरीवर बसल्या. तो खाली काही ठेवला नाही. घाबरायचं असतं तर सावित्रीनं तिथंच घाबरायला हवं होतं.

लवूची कुऱ्हाड खोडात निम्म्याहून आत गेली. माड कर्रकन वाजला. गड्यांनी दोर खेचला, माड खळ्याकडे वळू लागला, आणि त्याच्या ढोलीतून एक पिंगळा भर्रकन उडाला.

"जागेवाला रागावला!" कुणीतरी ओरडलं.

गोदाबाई नारळ उंचावून उभ्या राहिल्या. "बा जागेवाल्या म्हाराजा!"

"आई, आत्ता नको!"

"ह्या माडावर जो कोण बसलेला असंल, त्याला आज बेघर करतोय म्हाराजा!"

आता गाऱ्हाणं एकदा सुरू झालं, की ऐकणाऱ्यानं होकार द्यायचाच. आणि देवाला होकार देताना हात काही लोंबते ठेवायचे नसतात. सगळ्या गड्यांनी एकदम दोर सोडला आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा!"

माड घराकडे डुलला. "दोर! दोर धरा!" सावित्री किंचाळली. गड्यांनी झडप घालून दोर धरला, खेचला.

"सून शिकलेली हाय, घाई करते, तिची चूक पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दोर पुन्हा भुईवर. ह्या खेपेस सावित्रीला दिसलं, की आपलेही हात जोडलेले आहेत.

हात जोडले नव्हते ते एकट्या फणसानं. माडानं जागच्या जागी गिरकी घेतली, ताणलेल्या दोरामागे गेला आणि पऱ्यावरून थेट पलीकडे कोसळला. बाळाला जिथं सुखरूप ठेवलं होतं, त्याच बाजूला.

सावित्री गुडघाभर पाण्यातून धावली. पडवीत मरियमबी भिंतीला चिकटून उभी होती, तिच्या कडेवर बाळ टाळ्या पिटत होतं. माडाचा शेंडा पायरीच्या अलीकडे पडला होता.

"मोजलेलं बरोबर हाय गो तुझं," मरियमबी म्हणाली. "पण पुढल्या येळंला जरा लांबनं बरोबर मोज."

पऱ्यावर पलीकडे जायला आयता साकव झाला. लवूनं वरची बाजू तासून सपाट केली आणि मरियमबीचा अलीकडच्या विहिरीवर येण्याचा वळसा कायमचा वाचला. साकव जागेवाल्यानं घातला असं गोदाबाई सांगत, फणसानं घातला असं सावित्री. पाळणा पुन्हा जागेवर आला. वर आता नवी कौलं होती आणि त्यावर निव्वळ आभाळ. सावित्रीला कित्येक महिन्यांनी स्वस्थ झोप लागली.

मग एका सकाळी बाळानं पहिलं पाऊल टाकलं. पुढ्यात आईचे पसरलेले हात. त्यांच्याकडे नीट पाहून त्यानं पाठ फिरवली आणि तुरुतुरु साकवाकडे निघालं. सावित्रीनं त्याला उचललं, तेव्हा त्याचा एक पाय साकवाच्या माडावर पडला होता.

"आई, रावजीला बोलवा. हा साकव काढायचा."

"खबरदार!" पलीकडून मरियमबी ओरडली. "माझ्या फणसानं घातलाय तो. आधी त्याला विचारा!"

गोदाबाई कधीच नारळ घेऊन बाहेर आल्या होत्या. "बा जागेवाल्या म्हाराजा, ह्या पोराला पायाखाली बघायची बुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सावित्री म्हणाली.

बाळानं दोन्ही हात जोडले. सावित्रीनं मात्र आपले हात सोडले नाहीत. त्यांत बाळ होतं.