कचरा चालवणारे वर्तककाका

आपण शाळेत 'देव' शब्द चालवला. इथे जपानमध्ये आमच्या एदोगावाच्या इमारतीतले वर्तककाका कचरा चालवतात. जळाऊ कचऱ्याच्या दिवशी पिशवी घेऊन खाली उतरताना त्यांचं तुर्की सुरू असतं : "च्योप, च्योप्युम, च्योप्युमदे, च्योप्युमदेन." म्हणजे कचरा, माझा कचरा, माझ्या कचऱ्यात, माझ्या कचऱ्यातून. कावळ्यांपासून कचरा झाकणारी जाळी सांभाळणाऱ्या जपानी आजी आधी दचकायच्या. आता ही प्रार्थना असावी असं समजून त्या काकांचं संपेपर्यंत जाळी धरून थांबतात.

काका बँकेतले. जपानीत इतकी वर्षं "हाय, हाय", म्हणजे नुसतं हो-हो करून भागवलं, आणि साठी जवळ आल्यावर तुर्की. "मेघना, सोपं आहे गं. शब्दाला आधी कुणाचा ते लावायचं, मग कुठे चालला ते." हा नियम ते माणसांनाही लावतात. लिफ्टमध्ये नवं कुणी भेटलं की आधी कुणाचा, मग कुठे चाललास. माझ्या नवऱ्याच्या मते काकू गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून ते प्रत्ययांशी बोलतात. मला ती नसती हौस वाटायची.

शेवटी मी विचारलंच, तुर्कीच का म्हणून. त्यांची मुलगी सायली इथेच शिकली, वर्गातल्या तुर्की मुलाशी लग्न करून इझमिरला गेली. लग्न म्हणजे वॉर्ड ऑफिसात दिलेला एक कागद.

"मुलगी सोपवायची राहूनच गेली गं. 'तुमच्या पदरात घातली' म्हणायचं असतं विहीणबाईंना. तिची आई असती तर तिने म्हटलं असतं."

"मग सायली सांगेल की तुर्कीत."

"सोपवायची तीच आणि दुभाषीही तीच?" काका चिडलेच.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलला त्यांनी आम्हा दोघांना मुलीकडची मंडळी म्हणून बसवलं. स्वतः कोट घातला. तुर्कीत पदर सापडेना, म्हणून ॲप्रनवर भागवलंय, असं त्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. पडद्यावर विहीणबाई भेंडी चिरत होत्या, मागे सायली उभी होती. काका उभे राहिले आणि अडखळत म्हणाले, माझी मुलगी मी तुमच्या ॲप्रनमध्ये घातली.

सायली फिसकन हसली. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, ॲप्रनवरची देठं झटकली, दोन्ही टोकं हातात धरली आणि तो आमच्यासमोर पसरला. सायलीचं हसू तिथेच थांबलं.

बँकेत वाकतात तसे काका पडद्यासमोर कमरेत वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.