निगुडकर बाई कुठे काय ठेवतात

निगुडकर बाईंना काहीही लक्षात ठेवायला सांगा, त्या आधी विचारतात, "कुठे ठेवू?"

मला हे पहिल्यांदा कळलंच नव्हतं. बिबवेवाडीतल्या या सोसायटीत आम्ही नुकते राहायला आलो होतो. मी नोकरीवर जाणारी, म्हणून शेजारी एकट्या राहणाऱ्या बाईंना विचारलं, गॅसवाला आला तर आमचं सिलिंडर घेऊन ठेवाल का? बाईंनी डोळे मिटले. "तुळशीबागेत बांगड्यांचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर ठेवते तुमचं सिलिंडर. दुकानदार चिडेल, पण त्यामुळेच माझ्या लक्षात राहील." मी घरात येऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हटलं, शेजार जरा चक्रम दिसतोय. संध्याकाळी सिलिंडर दारात हजर होतं.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी समोरचा माणूस आपल्या वर्गात बसलाय असं समजूनच त्या बोलतात. मलाही धडा मिळाला. "मेंदूत दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक छोटा भाग असतो. हिप्पोकॅम्पस. आकार समुद्रातल्या घोडामाशासारखा, म्हणून ते नाव. आपण घोडा म्हणू, तुमचीही जीभ वळेल. नवी आठवण आधी तोच धरून ठेवतो, आणि कुठून कुठे जायचं याचा नकाशाही तोच काढतो. रस्ता आणि आठवण एकाच तबेल्यात! मग वस्तू रस्त्यावर मांडायच्या, आणि मनातल्या मनात चालत जाऊन उचलायच्या. आहे काय नि नाही काय!"

तेव्हा बाईंचा सगळा संसार मंडई ते शनिवार पेठ या रस्त्यावर मांडलेला असे. विजेचं बिल मंडईच्या मनोऱ्याखाली, भाचीचा वाढदिवस अप्पा बळवंत चौकात, दाताच्या डॉक्टरांची वेळ लक्ष्मी रोडच्या सिग्नलवर. रिक्षात बसल्या की पहिली आज्ञा, "तो मोबाइल बंद करा. तो सांगणार, तुम्ही ऐकणार, आणि घोडा बसून खाणार." एकदा एक रिक्षावाला काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, मला खरंच रस्ता माहीत नाही." बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. विचार करा." दोघं पोचेपर्यंत डॉक्टर दवाखाना बंद करून जेवायला गेले होते. दाढ तशीच ठणकत राहिली. तो रिक्षावाला मात्र आता डोळे मिटूनही तिथे जाईल, असं बाई अभिमानाने सांगतात.

या सगळ्या रस्त्यावर एकच जागा रिकामी होती. अप्पा बळवंत चौकाच्या थोडं अलीकडे पूर्वी एक छत्र्या दुरुस्त करणारा बसत असे, तो कोपरा. मी एकदा सहज म्हटलं, माझी जादाची किल्ली छत्रीवाल्याच्या कोपऱ्यावर ठेवा. "तिथे नाही. ती जागा भरलेली आहे," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पुण्यात संभाषण संपवायची ही रीतच आहे, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

मग अण्णा विसरू लागले.

त्यांचा जन्म शनिवार पेठेत गेला होता. या सोसायटीत दोन इमारती सारख्या, जिने सारखे, दारं सारखी. अण्णा दुसऱ्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर जायचे, तिथल्या सोफ्यावर बसायचे आणि मला हाक मारून विचारायचे, "सुमे, चहा टाकलास का?" माणसं भली, चहा टाकायची. पण एक दिवस अण्णा मार्केट यार्डाजवळ सापडले. पायांत चप्पल नव्हती. हा विस्मरणाचा आजार आहे आणि तो वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दाराला बाहेरून लावायला कुलूप आणलं. माझ्या हातात ते बघून अण्णांनी विचारलं, "मला कोंडणार का गं?"

जिन्यात निगुडकर बाई उभ्या होत्या.

"ते कुलूप कपाटाला लावा," त्या म्हणाल्या. "त्यांचा घोडा थकलाय, नवा रस्ता त्याला धरवत नाही. पण जुने, मुरलेले रस्ते घोड्यावरून उतरून मेंदूत दुसरीकडे मुक्कामाला गेलेले असतात. ते अजून शाबूत आहेत. त्यावरूनच आपण यांना घरी आणू."

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज सकाळी अण्णांना बसने मंडईत नेऊ लागल्या. तिथे उतरलं की अण्णांची मान ताठ व्हायची. बाई मुद्दाम म्हणायच्या, "अण्णासाहेब, मी चुकले. आता कुठे?" "अहो, पुण्यात राहता ना?" असं ऐकवून अण्णा पुढे व्हायचे. तुळशीबाग, लक्ष्मी रोड, अप्पा बळवंत चौक, शनिवार पेठ. संध्याकाळी तोच रस्ता बाई सोसायटीत चालायला लावायच्या. फाटक म्हणजे मंडई. पार्किंग म्हणजे तुळशीबाग, कारण धक्का न लागता जाता येत नाही. गतिरोधक म्हणजे लक्ष्मी रोड, दोन्हीकडे बघून ओलांडायचा. आमच्या जिन्याचं तोंड म्हणजे चौक, आणि जिना चढला की शनिवार पेठ.

बाईंनी सगळ्या सोसायटीला हे पाठ करायला लावलं. आमचे वॉचमन म्हस्के फोन करायचे, "ताई, आण्णा मंडईतनं निघाल्यात. तुळशीबागंत हायेत बघा." एकदा पिझ्झा घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, "लक्ष्मी रोड वलांडा आन् चौकातनं वर जावा." तो बिचारा पिझ्झा घेऊन खरोखर शहराकडे निघाला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याला परत वळवला.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी बेल वाजली. अण्णा एकटे दारात उभे होते. "सुमे, मंडईत आज गर्दी नव्हती," ते म्हणाले. मी त्यांना घरात घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

पुढे बाई तापाने आजारी पडल्या. आठवडाभर बाहेर नाहीत. बऱ्या झाल्या तेव्हा आम्ही तिघं फाटकापासून निघालो. अण्णांनी त्या सकाळी मला दोनदा विचारलं होतं, "या बाई कोण?" पण रस्ता बरोबर धरला. मंडई झाली, तुळशीबाग झाली, लक्ष्मी रोड ओलांडला. जिन्याच्या थोडं अलीकडे, सायकल स्टँडच्या कोपऱ्यावर मात्र ते थांबले. या कोपऱ्याला बाईंनी काहीच नाव दिलेलं नव्हतं.

"अण्णा, चला. चौक पुढे आहे."

"थांब गं. इथे यांचं माणूस उभं असतं. त्याला एकट्याला घर सापडत नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. "आमच्या ह्यांना दिशाच कळत नसत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. वर्गातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मंडईतून भाजी घेऊन चौकापर्यंत नीट यायचे, आणि तिथून उलट्या बाजूला चालायला लागायचे. म्हणून मीच सांगितलं होतं, छत्रीवाल्यापाशी उभे राहा, कॉलेज सुटलं की मी घेऊन जाईन. जन्मभर राहिले उभे, हातात पिशवी घेऊन."

"हे तुम्ही अण्णांना सांगितलं होतंत?"

"रोज सकाळी. छत्रीवाल्याच्या त्या कोपऱ्यावर पोचलो की. म्हटलं, यांच्या काही लक्षात राहायचं नाही, सांगायला काय हरकत आहे?"

माझ्या वडिलांना ज्यांनी कोंडू दिलं नाही त्यांचे उपकार मानणं मला आजवर जमलेलं नव्हतं. अण्णांनी ते माझ्या आधी केलं होतं. सकाळचा नाश्ताही न आठवणाऱ्या माणसाने बाईंचं माणूस जपून ठेवलं होतं.

अण्णा बाईंच्या शेजारी फाटकाकडे तोंड करून उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "आले बघा. चला आता."

बाईंनी पदराने डोळे टिपले. आम्ही जिना चढून घरी आलो, आणि मी चौघांच्या चहाचं आधण ठेवलं.