दहा वाजून बेचाळीस

मंगळवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी प्रमाणवेळ कक्षातल्या घड्याळाने कॉम्प्युटरशी बोलणे बंद केले. घड्याळ बंद पडले नव्हते, ही बाब सुरुवातीलाच नोंदवून घ्यावी. ते ठणठणीत होते. तीन लाख वर्षांत चुकलेच तर एका सेकंदाने चुकेल, असे त्याच्या दाखल्यावर लिहिले होते. तेवढे थांबून खात्री करून घेणारे कक्षात कोणी नसल्याने दाखला खरा मानला जाई.

घड्याळ म्हणजे एक करड्या रंगाची लोखंडी पेटी. तिच्यातून एक केबल कॉम्प्युटरला जायची आणि कॉम्प्युटर ती वेळ साऱ्या शहराला वाटायचा. कचेऱ्यांतली हजेरीची यंत्रे, शाळांच्या घंटा, बँकांची दारे, पाळणाघरे, सगळी त्याच्याच तोंडाकडे बघून चालत. पेटीवर लाल आकडे पळत असत, पण त्यांच्यावर जांभळ्या कापडाचा पडदा शिवून टाकलेला होता. मागे एका लेखनिकाने सरळ पेटीत डोकावून शेजारच्याला वेळ सांगितली होती, आणि सांगेसांगेपर्यंत एका सेकंदाने शिळी झालेली वेळ वहीत चढली होती. तेव्हापासून घड्याळात पाहून वेळ सांगणे हा नियमभंग ठरला. कॉम्प्युटरवर उमटेल ती वेळ.

कक्षात नोंदी ठेवणाऱ्या बाईंना सगळे नुसतेच ताई म्हणत. ताईंना तीन वर्षांची ठकू होती आणि ठकूला मागच्या गल्लीतले पाळणाघर होते. पाळणाघर सहाला बंद होई. ताईंना आजवर दोनदा उशीर झाला होता, एकदा चार मिनिटे आणि एकदा सात. तिसऱ्यांदा झाला की नाव कापले जाणार होते. ठकूच्या जागेसाठी एकसष्ट मुले रांगेत होती आणि त्यातली एकोणीस अजून जन्मायची होती. या धास्तीने ताईंनी घरातले स्वयंपाकघराचे घड्याळ दहा मिनिटे पुढे लावले होते आणि बाहेरच्या खोलीतले सात. त्यांचा नवरा घरात वजाबाकी करत हिंडायचा.

त्या सकाळी भांडार विभागाची दोन माणसे वार्षिक मोजणीला आली होती. जी वस्तू सुटी होते ती वेगळी, आणि प्रत्येक वेगळ्या वस्तूला क्रमांकाचे लेबल, असा मोजणीचा नियम. टेबल ही एक वस्तू, टेबलाचा खण दुसरी, खणाची किल्ली तिसरी. ताई यादीवर खुणा करत मागे मागे चालल्या होत्या. पेटीपाशी येताच एकाने केबल उपसली.

"ही सुटी होते की."

"मग लाव लेबल. दोन हजार सातशे तेरा."

"लावू कुठे? बारकी आहे."

"तोंडावर लाव. तोंड तेवढं सपाट आहे."

त्याने लेबल लावले, अंगठ्याने घट्ट दाबले आणि केबल पुन्हा जागेवर खोचली. ताईंनी खूण केली. मग दोघे चहाला गेले.

"किती वाजले?" थोड्या वेळाने साहेबांनी आतून विचारले.

"दहा बेचाळीस, साहेब."

साहेबांनी दोन फायली हातावेगळ्या केल्या, एक फोन केला, दुसऱ्या फोनवर भांडले आणि पुन्हा विचारले, "आता?"

"दहा बेचाळीस."

"वा! आज कामाला बरकत आहे."

बरकत तासभर टिकल्यावर शंका आली आणि दोन तंत्रज्ञांना बोलावणे गेले. एक घड्याळवाला, एक कॉम्प्युटरवाला. दोघांची खोली एकच होती, पण मधे कपाट उभे केलेले होते.

"माझं घड्याळ बोलतंय," घड्याळवाला म्हणाला. "ह्याचा कॉम्प्युटर ऐकत नाही."

"माझा कॉम्प्युटर कान टवकारून बसलाय. ह्याचं घड्याळच तोंड उघडत नाही."

"उघडत कसं नाही? दर सेकंदाला उघडतं!"

"मग माझ्या कानावर का येत नाही?"

"ऐकायचं नसलं की येत नाही. माझ्या मेहुण्याचंही असंच आहे."

"अहो, पण जरा केबल काढून बघा ना," ताई म्हणाल्या.

दोघांनी ताईंकडे दयेने पाहिले. केबल घड्याळाची की कॉम्प्युटरची हा प्रश्न तीन वर्षे वरच्या कार्यालयात पडून होता. शिवाय तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय त्यांना नुसते बघता येत होते. हात लावला की ती दुरुस्ती झाली.

ताई तक्रार नोंदवायला बसल्या. बिघाडाची वेळ, दहा बेचाळीस. तक्रारीची वेळ कॉम्प्युटरने आपणहून भरली, दहा बेचाळीस. मग लाल अक्षरांत सूचना उमटली: 'तक्रार बिघाडानंतर किमान एका मिनिटाने नोंदवावी. कृपया एक मिनिट थांबा.' ताई थांबल्या. आपल्या हातून एवढे तरी होईल असे त्यांना वाटले होते.

तिथे बसल्या बसल्या त्यांना ठकूचे चावीचे अस्वल आठवले. खरे म्हणजे बॅटरीचे. दुकानातून आणल्यावर ते ढिम्म हललेच नव्हते. नवऱ्याने ते उघडून स्क्रू हरवले, दुकानदाराने कंपनीवर ढकलले, आणि शेवटी ताईंनी बॅटरीखालून प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी ओढून काढली तेव्हा अस्वल नाचायला लागले होते. ताई ताडकन उठल्या.

"साहेब, केबलच्या तोंडावर लेबल आहे! माझ्यासमोर लावलं. मधे कागद आलाय म्हणून बोलणं जात नाही. मी काढते, एका सेकंदाचं काम आहे."

दोन्ही तंत्रज्ञ पहिल्यांदाच एका बाजूला आले.

"ताई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "लेबल आहे ते. मालमत्तेचं."

त्यांनी भांडार विभागाला फोन लावला. तिकडून खुलासा आला की लावलेले लेबल फक्त वस्तू भंगारात काढतानाच निघते. लेबल हवे तर जरूर काढा, पण आधी केबल भंगारात काढा, आणि केबल जोडलेली असल्याने सोबत घड्याळही. भंगाराच्या अर्जावर वेळ टाकणे आवश्यक होते. ती वेळ अर्थातच मोजणीनंतरची हवी होती. मोजणी दहा बेचाळीसला झाली होती.

"बघू या, एक मिनिट जाऊ दे," असे म्हणून साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

दीड वाजेना म्हणून कोणाचा डबा उघडेना. घड्याळवाल्याच्या पोटातून स्पष्ट आवाज आला आणि कॉम्प्युटरवाल्याने तो ऐकू आल्याचे मान्य केले. दोघांत त्या दिवशी झालेला हा एकमेव संपर्क. खिडकीतले ऊन टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर आणि जमिनीवरून भिंतीवर चढले. ताईंच्या पर्समधल्या मोबाइलवर पाच चाळीस झाले. त्यांनी नवऱ्याला फोन केला.

"आज तू आणशील का ठकूला?"

"मी कसा येऊ? आमचं यंत्र सोडत नाहीये. 'आत्ताच तर आलात' म्हणतंय."

ताईंनी दाराशी जाऊन हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. त्यांनाही तेच उत्तर मिळाले. असे बाहेर पडले तर दिवसभराची गैरहजेरी लागणार होती. ताईंनी ठकूचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, मग एकसष्ट मुलांची रांग आणली, आणि चपला हातात घेऊन निघाल्या. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आले की सगळे कॉम्प्युटरकडे बघत होते, चपला हातात घ्यायची गरज नव्हती.

रस्त्यावरच्या शाळेत तिसरा तास सकाळपासून चालू होता. भूगोलाच्या बाईंच्या सगळ्या नद्या शिकवून झाल्या होत्या आणि त्या आता वर्गाला घेऊन समुद्रात शिरल्या होत्या.

सहाला पाच कमी असताना ताई धापा टाकत पाळणाघरात पोचल्या. फाटकाबाहेर पंधरा-वीस आईबाप उभे होते. दारावरच्या पाटीवर आकडे लुकलुकत होते: दहा बेचाळीस. पाळणाघरवाल्या मावशी वही घेऊन खिडकीत बसल्या होत्या.

"मावशी, ठकूला पाठवा."

"आत्ता? पावणेअकराला?" मावशींना खरेच काळजी वाटली. "बरं नाही का वाटत तिला?"

"अहो, सहा वाजत आले!"

"कुठे वाजत आले?" मावशींनी पाटीकडे बोट केले. "लवकर न्यायचं तर आदल्या दिवशी अर्ज लागतो. नियम तुम्हाला नवा का आहे, ताई? दोनदा सही केलीये तुम्ही त्याखाली."

आतल्या खिडकीच्या गजांत ठकू उभी होती. पाठीला दप्तर, पायांत उलटसुलट बूट.

"आई, चल ना! झालं!"

"तिला अजून घड्याळ कळत नाही," मावशी मायेने म्हणाल्या आणि वहीत लिहिले: 'दहा बेचाळीस. ठकूच्या आई आल्या. परत पाठवले.'

अर्धा तास हुज्जत घालून ताईंना रडू फुटायचेच बाकी राहिले. त्यांनी भडाभडा सगळे सांगितले, लेबल, केबल, अस्वलसुद्धा. ऐकून लॅपटॉपची बॅग लटकवलेले एक बाबा पुढे झाले.

"म्हणजे एक चिटोरा काढायचाय? मग काढा की! तुमच्याच कचेरीतलं आहे ना?"

"आमची पोरं आत अडकलीत," एक आई म्हणाली, "आणि ह्या परवानगी कसली मागतात!"

"जा ताई, जा. आम्ही आहोत तुमच्या पाठीशी."

पाठीशी एवढी माणसे ताईंना जन्मात कधी लाभली नव्हती. त्या उलट्या पावली धावत सुटल्या.

कक्षात सगळे खांद्याला पिशव्या लावून आपापल्या खुर्चीत साडेपाच वाजण्याची वाट बघत बसले होते. "ताई, तुम्ही बाहेर गेला होतात?" साहेबांनी विचारले. ताईंनी केबल उपसली. ज्या नखाने त्या सफरचंदावरचे स्टिकर काढत, ठकूच्या गालावरचा वाळलेला भात खरवडत, त्याच नखाने त्यांनी लेबलाचा कोपरा उचलला आणि दोन हजार सातशे तेरा सर्रकन सोलून काढले. ते फेकायची हिंमत झाली नाही म्हणून स्वतःच्या मनगटावर चिकटवले. केबल खोचली.

कॉम्प्युटरने आवंढा गिळला. सहा अडतीस.

सारी कचेरी दाराकडे धावली आणि हजेरीच्या यंत्राने एकेकाला विचारले की विनापरवाना एक तास आठ मिनिटे जास्त का थांबलात. ताई हे ऐकायला थांबल्या नाहीत.

पाळणाघराच्या पाटीवर सहा सत्तेचाळीस झाले होते. मुले बाहेर आली होती. ठकू पळत येऊन ताईंच्या कमरेला बिलगली. मावशींनी वही पुढे सरकवली.

"सत्तेचाळीस मिनिटं उशीर, ताई. तिसरी वेळ. नाव कापावं लागेल."

"मावशी! मी सहाच्या आधी इथे होते! तुम्ही स्वतः बघितलंत!"

"बघितलं ना. लिहिलंय की." मावशींनी बोट ठेवले. "तेव्हा दहा बेचाळीस वाजले होते."

ताईंनी मदतीसाठी मागे पाहिले. पाठीशी असलेली माणसे पुढे आली होती. मावशींनी त्या सर्वांच्याही नावापुढे सत्तेचाळीस मिनिटे मांडली होती.

"कोणी काढलं ते लेबल?"

"ह्या ताईंनी."

"अहो, जरा धीर धरायचा! चांगले पावणेअकरा वाजले होते!"

"तुम्हीच तर काढा म्हणालात," ताई म्हणाल्या.

"काढा म्हणालो, लगेच काढा म्हणालो का?" लॅपटॉपवाले बाबा कडाडले. "अकरा वर्षांत मला आज पहिल्यांदा कुठेच उशीर झाला नव्हता."

ते बोलून गेले आणि फाटकापाशी एकेकजण पाटीकडे बघू लागला. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला रोजचा उशीर येऊन गेला असावा. मावशींनाही घरी जायला रोज उशीर होत असे. त्यांनीच वहीतले मागचे कोरे पान फाडून दिले. बाबांनी बॅगेवर कागद ठेवून सुरेख अक्षरांत अर्ज लिहिला: 'केबल क्रमांक दोन हजार सातशे तेराचे लेबल जनहितार्थ पूर्ववत लावण्यात यावे. अर्जदारांपैकी कोणालाही आजवर उशीर झालेला नाही असे समजावे.'

"कचेरीच्या माणसाची सही पहिली हवी," मावशी म्हणाल्या. "सही झाली की मग ही सत्तेचाळीस मिनिटं वहीत राहायचं कारण नाही. आधीची चार आणि सातसुद्धा."

ताईंनी मनगटाकडे पाहिले. कडेवरची ठकू लेबलाशी चाळा करत होती. त्याचा गोंद अजून शाबूत होता. ताईंनी पेन घेतले.

आता सगळे सुरळीत आहे. प्रमाणवेळ कक्षात दहा बेचाळीसला येऊन दहा बेचाळीसला जाणारा कर्मचारी वक्तशीर समजला जातो. दोन्ही तंत्रज्ञांमधले कपाट काढले आहे, भांडायला कारण उरलेले नाही. ठकूची जागा कायम आहे. आदल्या दिवशी अर्ज करून ताई तिला रोज सात तास लवकर घरी नेतात. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घेतात, कारण कॅलेंडर अजून कॉम्प्युटरला जोडलेले नाही. जांभळ्या पडद्याआड लाल आकडे अचूक पळत आहेत. तिकडे कोणी बघत नाही.

तो मूळ अर्ज पाळणाघराच्या फाटकावर लावलेला आहे. जाता येता लोक थांबतात, हसतात, असा कुठे मूर्खपणा असतो का म्हणतात, आणि मग मोबाइल काढून वेळ बघतात. अर्जाखाली अजून चार-पाच सह्यांची जागा आहे. पेन दोऱ्याने बांधून ठेवले आहे. तुम्ही हे वाचत बसलात, तेवढ्यात तुम्हालाही कुठेतरी पोचायला उशीर झालाच असेल.