कपाटावरचं खोकं

संसारात वस्तू दोन प्रकारच्या असतात: वापरायच्या आणि ठेवायच्या. वापरायच्या वस्तू संपतात, त्यामुळे त्यांना घरात मान नसतो. ठेवायच्या वस्तूंवर मात्र घराची अब्रू उभी असते, आणि या कामात धुळ्याच्या आमच्या कुंदाअक्काचा हात धरणारं कोणी नाही. मी तिचा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगतो असं नाही. (म्हणूनच सांगतो.)

अक्काच्या मोनालीचं लग्न ठरलं. धाकट्या हर्षालीने ताईसाठी स्क्रॅपबुक करायचं काढलं. म्हणजे जाड पानांच्या वहीत लहानपणापासूनचे फोटो चिकटवायचे आणि भोवती सजावट करायची. त्याचं तयार किट मोबाइलवरून मागवते म्हणाली, तर अक्का म्हणाली, "इकत लेवानी काय गरज? बठ्ठं घरमाच शे."

आणि खरंच, विकत घ्यावं असं काही नव्हतं, सगळं घरात होतंच. जुन्या लग्नपत्रिका (गणपतीला कात्री लावायची नाही, या अटीवर), साडीच्या घडीतले पुठ्ठे, ब्लाउजची उसवलेली लेस, मिठाईच्या खोक्यांच्या फिती, आरशावरून काढलेल्या टिकल्या. शिवाय गिफ्टचे चकचकीत कागद. कागद टराटरा फाडून भेट उघडणारी माणसं आमच्यात नाहीत. अक्का चिकटपट्टी अशी सोडवते की कागदाला पत्ता लागत नाही. मग तो गादीखाली सरळ व्हायला जातो. भाऊजी हिलालभाऊ कैक वर्षं त्याच गादीवर झोपतात. ते कूस बदलतात तेव्हा चुरचुर आवाज येतो. (अक्काच्या मते तो त्यांच्या कंबरेचा आहे.)

किट असं झकास जमलं की दुकानवाल्याने तोंडात बोट घालावं. हर्षालीने त्यात मोनालीचे फोटो ठेवले: दात पडलेला, अंगणवाडीतला, आणि नुकत्याच जन्मलेल्या हर्षालीला मांडीवर घेऊन घाबरून बसलेला. दुसऱ्या प्रती नाहीत. मग तिची परीक्षा आली. उघडं खोकं अक्काला बघवेना. धूळ बसू नये म्हणून तिने ते मोरपंखी कागदात बांधलं, सोनेरी फीत लावली आणि कपाटावर ठेवलं.

आमच्याकडे कपाटाचा माथा ही आहेराची जागा. तिथे जे बांधलेलं आहे ते द्यायचं, हा नियम. हिलालभाऊंनी तो काटेकोर पाळला आणि भुसावळच्या एका लग्नात खोकं देऊन, जेवून आले.

कळलं तेव्हा हर्षाली हमसून हमसून रडली. अक्काने कपाटावरची उरलेली सगळी खोकी खाली घेतली आणि फोडली. कागद फाडून. तिला असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. एका खोक्यात लेमनसेट निघाला. तो अक्कानेच पूर्वी नरडाण्याच्या नणंदेला दिला होता.

मी भुसावळला फोन लावला. नवरीची आई म्हणाली, "अहो, फार छान वस्तू दिली तुम्ही. रोज वापरतो." थोडं खोदल्यावर कळलं, ती वस्तू जळगावच्या एका वास्तुशांतीला गेली. जळगावकरही ती रोज वापरतात. तिथून पुढे माग लागत नाही.

हर्षालीने आशा सोडली आहे. पण अक्का सध्या त्या लेमनसेटकडे बघत शांत बसलेली असते. ती म्हणते, तो फिरून घरी आला, तसं हेही येईल. विचारांती माझंही तेच मत झालं आहे. खानदेशात बांधलेलं खोकं हरवत नाही, फक्त मुक्काम बदलतं.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही कपाटावर एक खोकं असेल. मोरपंखी कागद, सोनेरी फीत, आकाराच्या मानाने हलकं. ते उघडून बघा असं म्हणत नाही, तुम्ही उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. उलट त्याच भरवशावर आहोत. फक्त मोनालीच्या लग्नाला या, आणि कृपा करून नवीन काही विकत आणू नका.